गायीनं नापसंत केलेला नाश्ता

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. असा घोळ मी उभ्या आयुष्यात घातला नव्हता!

माझे सासरे, म्हणजे मामाजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बार्शीटाकळीहून आमच्याकडे अमरावतीला आले. सोबत कपड्यांची पिशवी आणि आमच्या दारी रोज येणाऱ्या गायीसाठी डबाभर भरडा. ज्वारी आणि तुरीची चुनी, घरीच भरडलेली.

मामाजींना सकाळी गरमागरम उकडपेंडी लागते. कणीक खमंग भाजा, कांदा परता, वाफ आणा... आणि मला साडेनऊला ऑफिस गाठायचं! मी आपली ऑरगॅनिक दलियाची पाकिटं आणली. ज्वारी, नाचणी, भोपळ्याच्या बिया, मनुका. दुधात टाका, पाच मिनिटांत तयार.

मामाजींनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. “ऑरगॅनिक हाये, त मंग पन्नीत काहून?”

मी लगेच सगळी पाकिटं एका स्टीलच्या डब्यात रिकामी केली. प्लास्टिकची पन्नीच नाही, तर प्रश्न कुठला!

“आठ दिवस खाऊन पायतो,” मामाजी म्हणाले. “पटलं, त तुई उकडपेंडीतून सुटका.”

दोन दिवस त्यांनी ते औषधासारखं गिळलं. मी मनातून खचलेच होते. पण तिसऱ्या दिवशी काय चमत्कार!

“वा सूनबाई! आज खरी चव हाये. अजून वाढ.”

जिंकले की हो मी! तशा मनुका कुठे दिसल्या नाहीत, पण तळाशी बसल्या असतील म्हटलं. जरा चरबटही लागत होतं.

“फायबर आहे ते, मामाजी!” मी व्याख्यानच ठोकलं. “पोटाला चांगलं, जमिनीला चांगलं, वेळही वाचतो.” स्वतः वाटीभर खाल्लं, नवऱ्याला आग्रह करकरून वाढलं, वर ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी टिफिनही भरला.

तेवढ्यात गायीपुढे भरड्याचं घमेलं ठेवायला गेलेल्या मामाजींची फाटकातून हाक आली. “सूनबाई, गाय खाऊन नाही राहिली वं! नुसती हुंगून राहिली!”

मी धावत गेले. घमेल्यात डोकावले, तर काय! भोपळ्याच्या बिया! मनुका! गायीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्यांच्या फाटकाकडे चालू लागली.

“मामाजी, डबे... डबे सारखेच आहेत हो! मग आपण काय खाल्लं?”

“भरडा!” मामाजी पोट धरून हसायला लागले. “मले वाटलं, सूनबाई पाकिटं सोडून घरच्या ज्वारीवर आली!”

टिफिन मी गुपचूप गायीपुढे नेऊन रिकामा केला. तिनं तो चाटूनपुसून संपवला, तेही शेजाऱ्यांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी कणीक भाजत उभी. मामाजी काळा चष्मा लावून डोळ्यांच्या तपासणीला निघालेले. दारातून वळून अगदी मायेनं म्हणाले, “सूनबाई, तूबी चाल. येकाच चकरेत तुयेबी डोये दाखवून घेऊ.”