जित्या हातानं

धाकटा भाऊ कॅनडाचा नागरिक झाला आणि त्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठरवलं की अर्धापूरचा केळीचा मळा त्याच्या नावावर करून टाकायचा. मळा त्यांनी स्वतः घेतलेला. सातबाऱ्यावर पोराचं नाव त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी लातूरला कोचिंगच्या मुलींची मेस चालवते. ती स्वयंपाकाच्या बाईवर सोपवून आले, कारण आमच्या घरात कचेरीची कामं माझ्याकडेच असतात.

नांदेडचे वकील म्हणाले, "बक्षीसपत्र होणार नाही."

"का? पोटचं पोर हाय," अण्णा म्हणाले.

"असेल. पण आता परदेशी नागरिक आहे. त्यांना इथली शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसही घेता येत नाही."

भावाने पासपोर्टाएवढी पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर भारताचाच नागरिक, फक्त परदेशस्थ, असं छापलेलं होतं. वकिलांनी ती उघडलीही नाही. "नाव नागरिक आहे. येणं-जाणं, राहणं, शहरात घर घेणं, सगळं चालतं. मत देता येत नाही आणि शेत घेता येत नाही."

"मंग दोन्हीकडचं ठेवायचं की," अण्णा भावाला म्हणाले.

"तिकडं चालतं, अण्णा. आपलं सरकार नाही म्हणतं. तिकडचं घेतलं की इकडचं गेलंच. दोन रेशनकार्डं चालतात का?"

"चालत्यात की. निम्म्या गावाकडं हायत."

वकील हसले. मला मात्र आता सगळंच जाणून घ्यायचं होतं. लग्न करून मी लातूरला गेले, आडनाव बदललं, गावात मला पाहुणी म्हणतात, तरी मळा उद्या माझ्या नावावर होऊ शकतो. आणि हा तिकडे ज्वारीच्या पिठासाठी दुकानं पालथी घालतो, याच्या नावावर नाही! मी विचारलं, "माझ्या नावावर करून मी याला दिला तर?"

"देणारं कोणीही असो, ताई, नियम तोच."

"मग याला कधीच नाही?"

"वारसाने मिळतो. अण्णांनी मृत्युपत्र करावं. त्यांच्या पश्चात याच्या नावावर चढेल."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजे जित्या हातानं देता येत न्हाई, मेल्या हातानं येतंय."

मृत्युपत्राचा मसुदा सांगून आम्ही निघालो. गाडीत बसल्याबसल्या अण्णा भावाला म्हणाले, "गैरमुल्की झालास की रे."

निजामाच्या राज्यात इथल्या माणसाला मुल्की म्हणत आणि बाहेरून नोकरीवर आलेल्याला गैरमुल्की. राज्य गेलं, पण आमच्या घरात शब्द राहिला. जेवायला हजर आणि कामाला गायब असेल त्याला आजोबा गैरमुल्की म्हणायचे. भावाने हा शब्द लहानपणी पुष्कळ ऐकला होता आणि तेव्हा तो खुशाल हसायचा. आज हसला नाही. "दुसरं काहीपण म्हणा अण्णा, ते नको," एवढंच म्हणाला.



दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेले तर अण्णा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीसमोर उभे होते. भाऊ हातात चुन्याचा डबा आणि ब्रश घेऊन भिंतीवर स्वतःचंच नाव लिहीत होता. आडनावापर्यंत आला होता.

"मोठं काढ. रस्त्यावरून दिसलं पायजे," अण्णा सांगत होते.

मी म्हटलं, "वकिलांना विचारलं का, हे चालतं का म्हणून?"

"भिताड माझं हाय. त्याला काय इचारायचं?"

"मग माझं पण लिहा खाली."

"तुला कशाला?" अण्णा म्हणाले. "तुझं तर सातबाऱ्यावर बी चढतंय."