कोणाचं कार्ड सपाट धरायचं

शुक्रवार हा एकच दिवस आपला, आणि तोही थकलेला. शारजात मी एका छापखान्यात होतो. आठवडाभर कटिंग मशीनसमोर उभं राहून पाय जड व्हायचे. तरीही शुक्रवारी सकाळी दोन गल्ल्या ओलांडून मी चाचांच्या खोलीवर जायचो. तिथे आम्ही चौघं बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या कार्डांची पाकिटं फोडायला बसायचो.

हे मला स्वतःलाच पटत नसे. माझे वडील सोलापूरला विडी कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरून, आणि ‘शेंगदाणा’च्या आधी मला ‘शोषण’ लिहिता येत होतं. तेव्हा बंद पाकिटात खेळाडूंची चित्रं भरायची, त्यातली काही मुद्दाम कमी छापायची आणि माणसाला पुढच्या पाकिटाच्या आशेवर झुलवत ठेवायचं, हा धंदा काय आहे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ते चाचांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, “तुझं बरोबर आहे. चहा घे.”

चाचा रत्नागिरीकडचे, हाताला चव असलेले स्वयंपाकी. तरुणपणी इथे आले ते वाळवंटातल्या एका कॅम्पवर, अमेरिकन इंजिनियरांच्या मेसमध्ये. ते इंजिनियर सुट्टीच्या दिवशी वाळूत बेसबॉल खेळायचे. त्या खेळात बॅट धरलेल्या माणसाच्या मागे एक जण बसतो. तोंडावर लोखंडी जाळी, हातात जाड मोजा, आणि येणारा प्रत्येक बॉल झेलायचा. त्याला कॅचर म्हणतात. आपल्या विकेटकीपरसारखाच, पण सगळा वेळ उकिडवा. साहेब लोकांचे गुडघे लगेच कुरकुरायला लागत. चाचा तर रोज उकिडवं बसून मासे साफ करणारे. एकदा गंमत म्हणून त्यांना बसवलं, ते कॅम्प उठेपर्यंत तिथेच बसले. जेवण वाढताना ज्यांनी कधी नाव विचारलं नाही, ते मैदानात त्यांना नावाने हाक मारायचे, असं चाचा सांगत. मला याचा राग यायचा. चाचांना यायचा नाही.

कॅम्प उठला तेव्हा एका इंजिनियरने त्यांना कार्डांचं एक पाकीट दिलं. लाल टोप्यांच्या एका टीमची बरीच कार्डं त्यात निघाली. ती सगळी टीम जमवायची, असं चाचांनी ठरवलं आणि वर्षानुवर्षं जमवली. एकच माणूस राहिला होता, कॅचर.

बाकी दोघांपैकी एक फिलिपिनो ड्राफ्ट्समन. जुन्या सामानाच्या दुकानांतून सीलबंद खोके शोधून आणणं हे त्याचं काम. दुसरे आमचे साहेब. पुण्याचे, दुबईच्या करामा भागात बायकामुलांसह राहायचे, कुठल्याशा कंपनीत अकाउंट्सचे मोठे अधिकारी. कार्डं त्यांनी मुलांसाठी सुरू केली होती. मुलं ‘बोअरिंग, बाबा’ म्हणून व्हिडिओ गेमकडे वळली आणि हे अडकले. पूर्वी ते अख्खा खोका एकट्याने विकत घेऊन आमच्यासमोर फोडायचे आणि आम्ही बघायचो. ते मी बंद पाडलं. नियम मी केला. खोका सगळ्यांनी सारखे पैसे घालून घ्यायचा, पाकिटं पत्त्यांसारखी वाटायची, आणि ज्याच्या पाकिटात जे निघेल ते त्याचं. त्यात लहानमोठं काही नाही.

“बरं, कॉम्रेड,” साहेब म्हणाले होते. “पण नियम केलास तर मोडायचा नाही. मग माझ्या तोंडाकडे बघायचं नाही.”

त्या वर्षी दुबई मरीनाचे टॉवर उठत होते आणि चाचा तिथल्या मजुरांच्या मेसवर होते. मालकाने मेस कंत्राटदाराला दिली, चाचांचा व्हिसा कॅन्सल झाला. इतक्या वर्षांच्या शेवटी मॅनेजरने त्यांना एवढंच सांगितलं, “चाचा, खलास.” मी लेबर ऑफिसात जाऊ म्हणालो, अर्ज लिहून देतो म्हणालो. चाचा म्हणाले, “जाऊ दे रे. कंटाळा आलाय मला आता.” रविवारी त्यांचं विमान होतं. आणि त्याच आठवड्यात ड्राफ्ट्समनला, लाल टोप्यांची ती टीम ज्या वर्षी छापली त्या वर्षाचा सीलबंद खोका मिळाला.

तर तो शेवटचा शुक्रवार. खोलीत एसी घरघरत होता, कोपऱ्यात चाचांचं अर्धं भरलेलं कार्टन. खोका मध्ये ठेवला. ड्राफ्ट्समन हिंदीत म्हणाला, “आज सब चाचा खोलेगा.”

मलाही तेच हवं होतं. चाचांनी मान हलवली. “वाटा. सगळी पाकिटं मीच फोडून मिळालं तर त्यात काय? माझ्या वाट्याला यायला पाहिजे.”

पाकिटं वाटली. ही कार्डं चकचकीत कोटिंगची. इथल्या उन्हाळ्यात कुठल्यातरी गोदामात वर्षानुवर्षं पडून ती एकमेकांना चिकटतात. म्हणून पाकीट फोडण्याआधी आम्ही ते कानाशी धरून हलकेच वाकवायचो. आत कार्डं सुटली की बारीक तडतड ऐकू येते. चौघं मोठी माणसं पाकिटं कानाला लावून बसलेली. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

त्या दिवशी तडतड फार झाली नाही. बरीच पाकिटं विटेसारखी घट्ट. जी सुटली त्यांत लाल टोप्या दोनतीनदा आल्या, चाचांकडे आधीपासून असलेल्या. चाचा प्रत्येक पाकीट फोडून कार्डं नीट रचून बाजूला ठेवत होते. ढिगारा संपत आला तशी खोलीतली चेष्टा थांबली.

शेवटच्या पाकिटांपैकी एक साहेबांचं होतं. त्यांनी वाकवलं, ऐकलं, फोडलं. दोन कार्डं समोरासमोर चिकटलेली निघाली. दोघांच्या पाठी बाहेर. साहेबांनी एक पाठ वाचली आणि पुन्हा वाचली. तो त्या काळातला मोठा बॅट्समन होता, ज्याच्यासाठी ते इतकी वर्षं बसत होते. दुसरी पाठ त्यांनी वाचली आणि चाचांकडे केली.

चाचांनी चष्मा वर केला. “हाच माझा कॅचर,” म्हणाले.

नियमाने दोन्ही साहेबांची. नियम माझा, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते.

“फ्रीजरमध्ये ठेव, थंडीने कोटिंग सुटतं,” ड्राफ्ट्समन म्हणाला. ठेवली. चाचा जुम्म्याच्या नमाजाला जाऊन आले, त्यांनी तळलेली सुरमई आम्ही खाल्ली, कार्डं बाहेर काढली. कोपरे सुटले होते, मधलं अंग नाही.

“तू छापखान्यातला,” साहेब म्हणाले. “तू सोडव.”

मला ते काम माहीत होतं. लहानपणी वडिलांबरोबर मी भिंतींवर पत्रकं चिकटवायचो आणि विरोधी संघटनेची काढायचो. चिकटलेले दोन कागद सोडवताना एक सपाट धरावा लागतो आणि दुसरा वाकवून ओढावा लागतो. सपाट धरलेला वाचतो. वाकवलेल्याची साल निघते. मी हे त्यांना सांगितलं.

साहेब टेबलाकडे बघत राहिले. मी वाट पाहिली. ते ‘चाचांचं धर’ म्हणतील, निदान ‘तू ठरव’ म्हणतील, असं मला वाटत होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

“साहेबांचं सपाट धर,” चाचा म्हणाले.

“चाचा, तुम्ही परवा चाललात.”

“मग? माल त्यांचा आहे. उरेल ते मला देतील. द्याल ना, साहेब?”

“अर्थात,” साहेब म्हणाले. “अर्थात, चाचा.”

माझ्या डोक्यात घरच्या सगळ्या पत्रकांची मोठी काळी अक्षरं उभी राहिली. माझ्या हातात दोन कागद होते आणि कुठला वाचवायचा हे माझ्या अंगठ्यावर होतं. चाचांची नजर माझ्या अंगठ्यावरच होती. मी साहेबांचं कार्ड टेबलावर दाबलं आणि कॅचर वाकवला.

आवाज मोठा आला नाही. वर लागलेली कॅचरची साल अंगठ्याने चोळून काढली तसा साहेबांचा बॅट्समन कोराकरकरीत निघाला, एका कोपऱ्यात थोडा लाल रंग चिकटलेला, एवढंच. कॅचरचा वरचा अर्धा भाग पांढरा झाला होता.

चाचांनी तो दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. “तोंड गेलं,” म्हणाले. “तसंही जाळीमागे कुणाला दिसत होतं.” मग खालचा भाग बोटाने पुसला. “गुडघे आहेत. बसलाय पण बरोबर. टाचा टेकवलेल्या नाहीत.”

ड्राफ्ट्समन हसला. मी हसू शकलो नाही. चाचांनी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि टीमच्या गठ्ठ्यात त्याच्या जागी ठेवलं. गठ्ठ्याला रबर लावलं. त्यांची टीम पूर्ण झाली होती.

साहेबांना सोडायला मी खाली गेलो. गाडीचं दार उघडून ते थांबले. कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं आणि हात त्यावर होता.

“तू दुसरं सपाट धरलं असतंस ना,” ते म्हणाले, “तर मी काही बोललो नसतो.”

“मग आधी का नाही बोललात?”

“नाही झालं माझ्याच्याने.” ते स्टिअरिंगकडे बघत होते. “मला वाटलं, तू आहेस ना कॉम्रेड, तू करशील.”

भांडायला हा माणूस मला पूर्वी फार सोपा वाटायचा. त्या उन्हात तो फक्त दमलेला, टक्कल पडलेला, आणि खिशावरचा हात न काढणारा एक माणूस होता. गाडी दुबईच्या रस्त्याला लागली आणि मी जिना चढून वर आलो.

चाचा कार्टनला दोरी बांधत होते. ड्राफ्ट्समनने गाठीवर बोट दाबून धरलं होतं.

“काय म्हणत होते साहेब इतका वेळ?” चाचांनी विचारलं.

“मासे छान झाले होते म्हणाले.”

“मीठ कमी होतं,” चाचा म्हणाले. “दोरीचं ते टोक दे इकडे.”