ताणावरच्या झाडांना पाणी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मोजता येतं तेवढंच मानणारा माणूस मी. पण हे मोजूनही कळलं नाही... सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

साल ८५ किंवा ८६, मे महिना. पांढुर्ण्याजवळ तिगावला माझे साळे वामनराव यांची संत्र्याची बाग. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं कोमेजतात, झाड मरायला टेकल्यासारखं दिसतं, पाऊस आला की फुलतं. मधेच पाणी मिळालं तर बहार गेला. आणि विहिरीजवळच्या सात झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी रोज ओली सापडत होती.

संशय रखवालदार देवाजीवर. वामनराव त्याला काढायला निघाले होते — ऐन मे महिन्यात, दुसरीकडे कुठंच काम नसताना.

देवाजी मला म्हणाला, "बाबूजी, तुमीच पाहा. मी कायले पाणी सोडू?"

मी पाहिलं. पाण्याचा पाट ठणठणीत कोरडा. आळ्यात मात्र वीतभर ओल.

भर दुपारी वामनराव, देवाजी आणि मी पंपाच्या खोलीत लपून बसलो. समोरच्या पाण्याच्या हौदाच्या आडून ते आलं. घूसच म्हणावी, पण कुत्र्याएवढी, अंगावर केस नाहीत, आणि पुढचे पाय म्हणजे चक्क हात — लांब बोटांचे. हौदात तोंड घालून त्यानं गाल फुगवले, मागच्या दोन पायांवर चालत झाडाशी गेलं, माती उकरून मुळाशी पाणी सोडलं. मग खोडावर हात ठेवून थांबलं... आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. पुन्हा हौदाकडे. खेपा मोजत होतो, मधेच मोजायचं राहून गेलं.

देवाजी हळूच म्हणाला, "त्याले वाटते, झाडं मरून राहिले."

माझा मुलगा तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकायचा. म्हणाला, घुशीला अजून काही लाख वर्षं मिळाली तर होईलही असं जनावर. मग ते आत्ताच कसं आलं?

देवाजी कामावर राहिला. ते जनावर पुन्हा दिसलं नाही.

पुढच्या मे महिन्यात वामनरावांनी बागेचं पाणी तोडलं, ती सात झाडं वगळून. दरवर्षी तसंच. त्या झाडांना मृग बहार कधी आला नाही. फुकट कशाला पोसता, असं मी एकदा विचारलं.

"राहू द्या, भाऊजी," ते म्हणाले. "आलंच तर बिचाऱ्याच्या खेपा वाचतीन."