दादांची कुजबुज

नवागामात आमच्या शेजारचे दादा कापडाच्या लूमवर काम करतात. तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. खिशात कायम लिंबू. कुणाचं ताट दिसलं की पिळलंच! उकळत्या वरणात मात्र कधीच नाही. म्हणतात, "गॅसवर व्हिटामिन सी मरी जास, भाऊ!"

बायकोला दिवस गेले. तिसरा महिना संपेपर्यंत कुणालाच, अगदी आईलाही सांगायचं नाही, असं आमचं ठरलेलं. पण तिचं रक्त कमी निघालं, म्हणून मी दादांना हळूच विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तोंडावर हात धरला आणि कुजबुजले, "वहिनीले सांग, पालकच्या भाजीवर लिंबू पिळ! लोह अंगी लागतं! बाळालेबी!"

संध्याकाळपर्यंत गल्लीने पिशवीभर लिंबं आणून दिली. मग धुळ्याहून आईचा फोन आला, "लिंबं पुरतील ना रे, की इकडून पाठवू?"