झेनॉनची पिचकारी

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या आमच्या गल्लीत उन्हाळाभर सगळ्यांचं गवत झेनॉन कापतो, आणि कापता कापता सगळ्यांची उणीदुणी काढतो. म्हणून आमचं जमतं. मागे एकदा मात्र तो छपरांवर चढून लोकांचे अँटेना उपटत सुटला होता. म्हणे ते त्याचे विचार चोरतात. इस्पितळातून सुटला तो कोर्टाचा हुकूम घेऊनच. घरी राहा, पण दर महिन्याला सुई टोचून घे. चुकवलीस तर पोलीस उचलून नेतील.

"गळ्यात पट्टा बांधलाय माझ्या," तो म्हणतो.

"पट्टा आहे म्हणून घरात आहेस," त्याची थोरली बहीण ब्रोन्या म्हणते.

मी दोघांपुढे मान डोलावते. पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, दोघांच्याही हातचे मिळतात.

यंदा ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे डिंगसला, नेमकी सुईची पाळी आली. त्या दिवशी आम्हा पोलिश लोकांत बाई दिसली की तिला भिजवायचं. नर्स नवी होती, लॅट्रिस नावाची. झेनॉनने दार उघडलं आणि तिच्या तोंडावर पिचकारी रिकामी केली.

"हा हल्ला झाला," ती चेहरा पुसत म्हणाली. "मला वर कळवावं लागेल."

झेनॉन पांढराफटक पडला. हुकमाची सुनावणी आठवड्यावर आली होती. असा शेरा गेला की पुन्हा इस्पितळ. "दोन सुया टोचा," तो पुटपुटला, "पण तेवढं कळवू नका."

मी कुंपणावरून आयतं ऐकतच होते. तशीच निथळत पुढे झाले. "बाई, मला यानं आत्ताच भिजवलं. पाद्रीबाबांचा झगा तर अजून दोरीवर वाळतोय."

"म्हणजे इथे सगळे असेच?"

"सगळे. सुई तेवढी याला एकट्याला."

लॅट्रिसने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "द्या ती इकडे," म्हणाली, नळावर पिचकारी भरली आणि त्याला चिंब केलं. मगच बाही वर करायला सांगितली. वर काही कळवलं नाही. देव तिचं भलं करो.

सुनावणीत झेनॉन म्हणाला, "औषध घेतो, पण मला विचारून द्या." न्यायाधीशांनी हुकूम काही उठवला नाही, उलट त्याची मुदत वाढवली. येताना तो माझ्या गाडीत अखंड कुरकुरत होता. तो बरोबर की ब्रोन्या, मला अजून उमगलेलं नाही. लॅट्रिस मात्र आता दर खेपेला विचारते, "आज कुठला हात?" आणि तो मुद्दाम बराच वेळ विचार करतो.

आत्ता तो माझ्या खिडकीखाली गवत कापतोय आणि माझे पडदे किती मळलेत ते ब्रोन्याला ओरडून सांगतोय. सांगू दे बापडा.