औषधवाल्याच्या घरचा डोस

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला हा गृहस्थ गिऱ्हाइकाच्या हातात गोळ्या ठेवताना बजावणारच, "बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही हं." गल्ली त्याला माघारी 'कोर्सपूर्ण' म्हणते. आणि याच कोर्सपूर्णाने स्वतःच्या पाच वर्षांच्या लेकीचं औषध नवव्या दिवशी बंद केलं. कुणाच्या सांगण्यावरून? आईच्या. दुकानात वाघ, आईपुढे मांजर.

पोरीला आठ-आठ दिवस शौचाला होत नसे. एकदा फार दुखलं, तेव्हापासून कळ आली की ती पडद्यामागे पाय आवळून उभी राही. डॉक्टरीणबाईंनी पाण्यात विरघळणारी भुकटी दिली. पोट साफ झालं, तशी आजी म्हणाली, "झालं ना? आता बंद कर, नाहीतर औषधाची सवय लागेल पोरीला." भुकटी कपाटात गेली.

दोन महिन्यांत पोरीची चड्डी रोज खराब होऊ लागली. वर्गात मुलं नाक धरू लागली, तशी ती शाळेचं नाव काढेना.

"जुलाब आहेत. त्या औषधाचेच प्रताप," आजीने निकाल दिला.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "जुलाब कसले? आत घट्ट साचलंय, त्याच्या कडेने पातळ पाझरतंय. ताणून सैल पडलेलं आतडं जागेवर यायला महिने लागतात. औषध कुणी थांबवलं?"

"मी," तो म्हणाला. आईचं नाव घेतलं नाही, एवढं त्याचं कौतुक करा.

आधी काही दिवस वाढीव डोस, मग रोजचा. घरी येताच त्याने सांगून टाकलं, "आई, ही भुकटी आता मी देणार. डॉक्टरीणबाई थांब म्हणेपर्यंत."

"आणि सवय लागली म्हणजे?"

"हिची सवय लागत नाही. दाबून धरायची लागलीय, ती मोडायचीय."

"मोठा आलाय शहाणा."

"असू दे."

रोज संध्याकाळी जेवण झालं की पोरगी पायाखाली पाट घेऊन दहा मिनिटं कमोडवर, आणि हा दाराबाहेर गोष्ट सांगत. समोरच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "भरला का दरबार?" तो हसायचा, पण जागचा हलायचा नाही. तिकडे दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत.

पोरगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. चौथ्या महिन्यात एकदा आतूनच म्हणाली, "बाबा, आता दुखतच नाही."

"ऐकलंस? आता तरी थांबव," आजी म्हणाली.

त्याने पेल्यात भुकटी घातली. "अजून दोन महिने तरी."

आजीने तोंड वाकडं केलं, पेल्यात डोकावली आणि म्हणाली, "मग नीट ढवळ की. तळाला राहतेय."