पहिले तालुका

हे मी घरीही कधी बोललो नाही. आंबागडचा हातपंप बंद असल्याची तक्रार माझ्यामुळे हरवली होती.

भंडाऱ्याच्या आमच्या ऑफिसात पाण्याच्या तक्रारींचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळतो, मी आणि माझी एक सहकारी. ती कारध्याहून स्कूटीनं येते, शेजारच्या टेबलावर बसते आणि कोड लिहिताना कॉम्प्युटरशी लेकराशी बोलावं तशी बोलते. "थांब ना बाबू! पहिले तालुका घे, मंग गाव देईन." कारण तालुका निवडल्याशिवाय खालच्या यादीत गावं उघडतच नाहीत.

फोनवरच्या तक्रारी आपोआप भरणारा कोड माझा. त्यात मी तालुका न देता थेट गाव टाकलं. सॉफ्टवेअरनं चूक दाखवली नाही, गावाची जागा मुकाट्यानं रिकामी ठेवली. त्या तक्रारी कुणाकडेच पोचल्या नाहीत.

हे लक्षात येताच तिनं माझा कोड उघडला, गावाच्या आधी तालुक्याची ओळ घातली. मग एकेका तक्रारदाराला फोन लावत बसली. आंबागडची म्हातारी इतकी कडाडली, की मलाही ऐकू आलं.

"काहून वो बाई, झोपून राहिल्या होत्या का?"

"हो माय, चुकलंच माह्यं. उद्या माणूस येते. नाही आला, त मलेच शिव्या दे."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "भाऊ, चहा घेता?"

मी चहा घेतला. माझ्या चुकीला इतक्या सहज 'माह्यं' म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

हातपंप दुसऱ्या दिवशी सुरू झाला. चूक त्या बाईंची नव्हती, माझी होती, एवढं सांगणारा एक फोन मी आंबागडच्या म्हातारीला अजून देणं लागतो.